आरसी शर्मन: १/१६ मापाचा रणगाडा आधी नीट चालवायचा, मग सजवायचा

काचेच्या कपाटात ठेवायचं मॉडेल आणि रिमोटवर चालणारा (आरसी) रणगाडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटातल्या मॉडेलवर केसाएवढी तार चिकटवली तरी ती वर्षानुवर्षं टिकते. रिमोटवरचा रणगाडा दगडावर चढतो, गवतात अडकतो, ट्रॅकची (चाकांवरच्या साखळीपट्ट्याची) माती स्वतःच्याच अंगावर उडवतो, आणि दर वेळी बॅटरी बदलताना त्याचा वरचा भाग हातात घ्यावा लागतो. म्हणून इथे कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी यंत्र, मग बारकावे, मग रंग आणि सगळ्यात शेवटी माती. घाईघाईने आधी रंगवलेले रणगाडे पुन्हा उघडावे लागतात, आणि उघडताना पहिला बळी रंगाचाच जातो.

उदाहरणासाठी मी अमेरिकन एम-४ शर्मन घेतोय, १/१६ मापातला, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचा. नवशिक्याला मी हाच सुचवतो. जर्मन टायगर रणगाड्याची एकात एक अडकलेली चाकं दिसायला देखणी असतात, पण त्यांच्यात चिखल बसला की साफ करता करता जीव जातो. शर्मनची रचना सरळ आहे. प्रत्येक बाजूला तीन बोगी, प्रत्येक बोगीत दोन चाकं, पुढे ट्रॅक ओढणारं दात्यांचं चाक म्हणजे स्प्रॉकेट, मागे ट्रॅक ताणून धरणारं चाक म्हणजे आयडलर. सुटे भाग मुबलक मिळतात आणि १९४२ ते १९४५ या काळात सुमारे ४९,००० शर्मन बनल्यामुळे संदर्भासाठी फोटोही हवे तितके आहेत. शिवाय हा रणगाडा आपल्या सैन्यानेही वापरला. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरच्या लढाईत आपल्या तीन रेजिमेंटांचे रणगाडे, म्हणजे डेक्कन हॉर्सचे शर्मन, थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि एट्थ कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ उसाच्या शेतांत दबा धरून पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांची वाट पाहत होते.

मॉडेल निवडताना

१/१६ हे माप का? खरा शर्मन साधारण ५.९ मीटर लांब आणि २.६ मीटर रुंद. सोळाने भागलं की सुमारे ३७ सेंटीमीटर बाय १६ सेंटीमीटर. एवढ्या जागेत दोन गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक बोर्ड, स्पीकर, धुराचं यंत्र आणि बॅटरी आरामात मावतात, आणि तरी तो एका हाताने उचलता येतो. १/२४ मध्ये आत काम करायला बोटं शिरत नाहीत. १/३५ चा आरसी बनवणारे कसबी लोक आहेत, पण तो पहिला प्रकल्प नव्हे.

बाजारात दोन वाटा आहेत. तामिया या जपानी कंपनीचा १/१६ शर्मन कीटच्या (सुटे भाग जोडून बनवायच्या संचाच्या) रूपात येतो, १०५ मिमी हॉवित्झरवाला, म्हणजे आखूड तोफेचा. भाग अचूक, गिअरबॉक्स उत्तम, किंमत भरपूर. दुसरी वाट हेंग लाँग या चिनी कंपनीच्या एम-४-ए-३ ची. हा तयार, रिमोटसकट मिळतो आणि खोक्यातून काढला की चालतो. प्लास्टिकचे ट्रॅक आणि साधे गिअर असलेली आवृत्ती स्वस्त पडते, तर पोलादी गिअर आणि धातूचे ट्रॅक असलेली महाग. माझं मत स्पष्ट आहे: पैसे कमी असतील तर ट्रॅक प्लास्टिकचे चालतील, पण गिअर पोलादी घ्या. वजन वाढलं, धातूचे ट्रॅक आले, की प्लास्टिकचे गिअर दात टाकतात.

मागवताना रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा आहे आणि आत बॅटरी आहे, हे लक्षात असू द्या. परदेशातून थेट मागवलेलं पार्सल वायरलेस मंजुरी किंवा बॅटरीच्या नियमांमुळे कस्टम्समध्ये अडकू शकतं. शक्य असेल तर भारतातल्याच विक्रेत्याकडून घ्या; चार पैसे जास्त जातात, पण नंतर सुटा बोर्ड लागला तर विचारायला माणूस असतो. प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी आवृत्ती टाळा. घरात लहान मुलं असतात, डोळ्यांचा प्रश्न आहे. इन्फ्रारेड किरणांवर चालणारी लुटुपुटूची लढाई जास्त रंगते आणि कोणाला इजाही होत नाही.

संदर्भ गोळा करा

पेचकस हातात घेण्याआधी ठरवा: हा रणगाडा कोणत्या सैन्याचा, कोणत्या वर्षाचा, कोणत्या मातीतला? उत्तर एका ओळीत देता आलं पाहिजे. मग त्या एका रणगाड्याचे जमतील तेवढे फोटो जमवा. शर्मनचे प्रकार अनेक आहेत. एम-४-ए-१ चं वरचं शरीर ओतीव, गोलसर कडांचं. एम-४-ए-३ चं जोडकामाचं, कोनदार. ७५ मिमी तोफेचा टरेट (तोफेसह फिरणारा वरचा घुमट) वेगळा, ७६ मिमीचा वेगळा. तुमच्या हातातलं मॉडेल एका प्रकारचं आणि फोटोतला रणगाडा दुसऱ्या प्रकारचा, असं असेल तर त्याच्या खुणा आपल्या मॉडेलवर रंगवू नका. भारतीय शर्मन करायची इच्छा अनेकांना असते, मलाही आहे. पण तिथे टरेट आणि तोफ फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडच्या काही शर्मनवर पुढे फ्रेंच आणि सोव्हिएत बनावटीच्या तोफाही बसवल्या गेल्या होत्या.

फोटोतून कळत नाही अशी एक गोष्ट म्हणजे पोत. त्यासाठी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा जाऊन या. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय म्हणजे महाराष्ट्रातल्या रणगाडा मॉडेलकारांचं भाग्य आहे. तिथे सेंच्युरियन, विजयंता, १९६५ मध्ये हस्तगत केलेला पॅटन असे रणगाडे हाताच्या अंतरावरून पाहता येतात. फोटो काढायची परवानगी आहे का, ते दारातच विचारून घ्या. नसली तरी वही काढून बसा. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग किती खडबडीत असतो, वेल्डिंगची शिवण किती जाड असते, ओढण्याचा तारदोर कुठल्या हुकात कसा अडकवलेला असतो, हे समोर उभं राहिल्यावरच डोक्यात बसतं.

खोक्यातून काढल्यावर आधी चालवून पाहा

बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि गुळगुळीत फरशीवर दहा मिनिटं चालवा. फरशीच्या सरळ रेषेवर रणगाडा ठेवून पुढे सोडा. तो एका बाजूला ओढतो का? तोफ वर-खाली होते का, टरेट अडकत नाही ना, धूर येतो का, आवाज फाटतो का? सगळं कागदावर लिहा. बोर्ड किंवा मोटर मुळातच सदोष असेल तर ते आत्ताच कळायला हवं. एकदा उघडून रंगवलेला माल कोणी बदलून देत नाही.

मग उघडा. वरचा भाग खालच्या भागाला थोड्या स्क्रूंनी धरलेला असतो. तो एकदम वर ओढू नका, कारण टरेटच्या आणि दिव्यांच्या वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात. प्रत्येक प्लग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि प्लगवर मास्किंग टेपचा तुकडा लावून नाव लिहा. स्क्रूंसाठी वेगवेगळ्या वाट्या ठेवा. वरचे, गिअरबॉक्सचे, बोगीचे. लांब स्क्रू चुकीच्या जागी बसला तर प्लास्टिकच्या आरपार जातो.

यंत्राचं काम

गिअरबॉक्स उघडून आतलं जुनं ग्रीस पुसा. कारखान्यातून कधी भसाभस भरलेलं येतं, कधी अजिबात नसतं. प्लास्टिकला चालणारं पांढरं लिथियम ग्रीस दातांवर पातळ लावा. मोटरीच्या आत जाता कामा नये. नंतर गिअरबॉक्स बाहेरच ठेवून कमी व्होल्टेजवर प्रत्येक दिशेला काही मिनिटं फिरवा. आवाज एकसारखा झाला पाहिजे. ठराविक अंतराने टक-टक ऐकू येत असेल तर एखाद्या दातावर प्लास्टिकचा किंवा धातूचा कण असतो. तो शोधून काढा.

अ‍ॅक्सल जिथे प्लास्टिकच्या भोकात फिरतो तिथे शक्य असेल तर बेअरिंग बसवा. स्प्रॉकेटच्या अ‍ॅक्सलला बेअरिंग लावण्याचा फायदा सगळ्यात मोठा, कारण सगळा ताण तिथेच येतो. चाकांना साधी बुश (दांड्याभोवतीची छोटी नळी) पुरते.

आता ट्रॅक. धातूचे ट्रॅक बसवणार असाल तर एक-एक पिन तपासा. ढिली असेल तर टोकाला पातळ सुपरग्लूचा थेंब द्या, पण तो सांध्यात उतरू देऊ नका. ताण किती ठेवायचा हा प्रश्न सगळे विचारतात. शर्मनचा ट्रॅक टायगरसारखा चाकांवर लोळत नाही. वरच्या रोलरांच्या मधे जरासा लवतो, एवढंच. ट्रॅक बोटाने वर उचलून पाहा: १/१६ मध्ये चार-पाच मिलिमीटर उचलला गेला तर ठीक. फार घट्ट ठेवलात तर गिअरबॉक्स तापतो आणि बॅटरी लवकर संपते, फार सैल ठेवलात तर वळताना ट्रॅक उतरतो. मागचा आयडलर हलवता येत असेल तर त्याने ताण जुळवा, नाहीतर एक कडी कमी-जास्त करा. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्याच असल्या पाहिजेत.

इथे वजनाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. लांबी सोळाव्या हिश्शाची झाली की वजन १६ × १६ × १६, म्हणजे ४०९६ व्या हिश्शाचं व्हायला हवं. खरा शर्मन सुमारे ३० टनांचा, म्हणजे आपला मॉडेल ७.३ किलोचा असायला हवा. प्लास्टिकचा रणगाडा याच्या निम्मासुद्धा भरत नाही, म्हणून तो दगडावरून जाताना खेळण्यासारखा उड्या मारतो. हलच्या (खालच्या शरीराच्या) तळाशी, मध्यभागी, दोन्ही बाजूंना समतोल साधून पोलादी पट्ट्या बसवल्या की चाल लगेच भारदस्त होते. अर्धा किलोने सुरुवात करा. बोगीच्या स्प्रिंगा पूर्ण दबल्या तर वजन जास्त झालं असं समजा.

वायरी आणि आवाज

बोर्डची जागा बदलायची असेल तर तो हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. मोटरीच्या झटक्यांत तो चांगलाच तापतो. वायरी टरेटच्या गोल भोकातून जातात तिथे त्यांना पुरेशी ढील द्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधून ठेवा, नाहीतर टरेट फिरवता फिरवता एखादा सांधा तुटतो. बहुतेक मॉडेलांत टरेट पूर्ण गोल फिरत नाही. कुठे थांबतो ते लक्षात ठेवा, तिथे जबरदस्ती करू नका.

स्पीकर नुसता हलमध्ये पडून असेल तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. प्लास्टिकच्या छोट्या डबीत त्याला बंद करून कडा सील केल्या की इंजिनाची घरघर खोल होते. अक्षरशः अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मी तरी ते कधीच टाळत नाही.

धुराच्या यंत्रात त्यासाठीचंच तेल घाला आणि ते कोरडं पडू देऊ नका. आतली तापतार कोरडी राहिली की जळते.

तोफ, वेल्डिंग, हँडल

तोफेपासून सुरुवात करा, कारण नजर तिथेच जाते. ७५ मिमी तोफेचं तोंड सोळाव्या मापात ४.७ मिमी येतं. सहा मिलिमीटरची गोळी उडवणाऱ्या नळीचं भोक त्याहून मोठं असल्याशिवाय गोळी बाहेर येणारच नाही, म्हणजे ती नळी दिसायला कायमच चुकीची. गोळ्या उडवायच्या नसतील तर ती यंत्रणा काढा, नळीत पितळी नळी सरकवून तोंड साडेचार ते पाच मिलिमीटरवर आणा आणि आतली कड कोनाने घासा. तोफेला मागे धक्का देणारी यंत्रणा असेल तर नवी नळी हलकी ठेवा.

मॉडेलचं प्लास्टिक बहुतेक एबीएस असतं, नेहमीच्या स्टायरीनच्या कीटचं नव्हे. म्हणून कीटचा साधा सिमेंट त्यावर नीट धरत नाही. एबीएससाठीचा खास सिमेंट वापरा, नाहीतर सुपरग्लू. वजन पेलणाऱ्या जागी अराल्डाइट लावा.

साच्याच्या शिवणी ४०० नंबरच्या आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्या घासून काढा. खड्डे पुट्टीने भरा. टरेट मात्र गुळगुळीत करू नका. तो ओतीव असतो. मि. सर्फेसर ५०० सारखं घट्ट प्रायमर ताठ केसांच्या, कापलेल्या ब्रशने टोचत टोचत लावा. वाळत आलं की पुन्हा एक फेरी. सगळीकडे सारखं होऊ देऊ नका. खऱ्या ओतकामात काही भाग खडबडीत, काही घासून सपाट केलेले असतात. पूर्ण वाळल्यावर ८०० च्या पेपरने वरचेवर फिरवलं की उंचवटे थोडे बोथट होतात, आणि तेव्हाच ते पोलाद वाटायला लागतं.

वेल्डिंगच्या शिवणीसाठी एम-सील पुरतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, स्वस्त असतं. दोन भाग नीट मळून काचेवर शेवईसारखी बारीक वळी वळा. एक मिलिमीटरपेक्षा जाड नको. पाट्यांच्या सांध्यावर ठेवून, पाण्यात बुडवलेल्या बोथट सुरीने एकाच दिशेने अर्धगोल ठसे उमटवत जा. एम-सील लवकर घट्ट होतं, त्यामुळे एका वेळी एका सांध्यापुरतंच मळा.

मूळ मॉडेलवर हँडल बहुधा प्लास्टिकमध्येच ओतलेली, जाडजूड असतात. ती धारदार सुरीने काढून टाका. खऱ्या रणगाड्यावर हे गज साधारण १२-१३ मिमी जाड असतात, म्हणजे आपल्याला ०.८ मिमीची तार हवी. मोटर वाइंडिंगच्या दुकानात या जाडीची एनॅमल्ड तांब्याची तार वजनावर मिळते. पकडीने वाकवा, दोन्ही टोकांना ०.८ मिमीची भोकं पाडा आणि तार आतल्या बाजूला वळवून सुपरग्लूने बसवा. आरपार बसवलेलं हँडल हाताला लागलं तरी निघत नाही. नुसतं पृष्ठभागावर चिकटवलेलं हँडल पहिल्याच फेरीत हरवतं. हा नियम सगळ्याच बारकाव्यांना लागू आहे. जे हाताला किंवा फांदीला लागू शकतं त्याला खिळीसारखं आरपार बसवा, नाहीतर चुंबकावर बसवा.

टरेटवरची पॉइंट ५० मशीनगन हे चुंबकाचं उत्तम उदाहरण. तिची बैठक तीन मिलिमीटरच्या निओडिमियम चुंबकावर ठेवली की धक्का लागल्यावर ती तुटत नाही, निघून येते. बॅटरीच्या झाकणासाठीही हीच युक्ती वापरता येते; स्क्रू उघडायचे कष्ट वाचतात आणि रंगही वाचतो.

तारदोरासाठी सायकलच्या दुकानात जा. ब्रेकची आतली तार दीड मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्या मापात सुमारे एक इंची तारदोर. कापण्याआधी कापायच्या जागी सुपरग्लूचा थेंब द्या, नाहीतर पीळ सुटून झाडूसारखं पसरतं. तार ताठ असते, तिला हवा तसा झोल येत नाही. मुलामा नसलेली तार गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून आपोआप गार होऊ दिली की मऊ पडते. जस्ताचा मुलामा असलेली तार मात्र मुळीच तापवू नका, तिचा धूर विषारी असतो.

ताडपत्रीच्या गुंडाळ्या टिश्यू पेपरच्या: पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवा, घडी करा, दोऱ्याने बांधा, जागेवरच वाळू द्या. वाळल्यावर त्या रणगाड्याच्याच आकाराच्या होतात. लाकडी पेट्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या होतात. वाळूची पोती एम-सीलची छान होतात, पण तेवढीच जड. रणगाड्यावर सामान लादताना इंजिनाच्या जाळ्या झाकू नका आणि टरेट फिरवून पाहा. सैनिकांनीही तेच केलं असतं.

रंग

भांड्याच्या साबणाने सगळं धुऊन एक दिवस वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर मास्किंग टेपबरोबर रंग सालासारखा निघतो. धातूच्या भागांना धातूचं प्रायमर लागतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला प्रायमरचा स्प्रे वापरणार असाल तर आधी एखाद्या आतल्या भागावर फवारून पाहा. त्यातला थिनर एबीएस विरघळवू शकतो. पातळ, धुक्यासारखे थर द्या, एकदम ओला थर नको.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर फवारू नका. हवेतला ओलावा थरात अडकून पांढुरकी झाक येते. कोरडी सकाळ गाठा. एअरब्रश असेल तर १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि फवारताना फिल्टरचा मास्क लावा. साध्या कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही.

ऑलिव्ह ड्रॅब डबीतून काढून सरळ मारला तर मॉडेल काळपट आणि मेलेलं दिसतं. सपाट, वर तोंड केलेल्या पाट्यांवर त्याच रंगात थोडा पिवळसर-करडा मिसळून फवारा. खालच्या बाजू मूळ रंगाच्या, थोड्या गडदच राहू द्या. उन्हात उभ्या असलेल्या रणगाड्यावर प्रकाश असाच पडतो.

खुणा लावण्याआधी तिथे चकचकीत वार्निश द्या, डेकल (पाण्यात भिजवून लावायचे छापील स्टिकर) बसवा, डेकल मऊ करणारं द्रव लावा, मग सगळ्यावर मॅट वार्निश. भारतीय लष्कराच्या वाहनांच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो. तो विसरला तर खुणा अर्धवट राहतात.

यानंतर वॉश. तेलरंगातला बर्न्ट अंबर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून पाट्यांच्या सांध्यांत, बोल्टांभोवती बारीक ब्रशने सोडा. पण एक काळजी घ्या: नुसत्या एबीएसवर व्हाइट स्पिरिट लागू देऊ नका. ताण असलेल्या जागी, विशेषतः बोगीच्या हातांवर आणि स्क्रूच्या भोकांपाशी, एबीएसला बारीक तडे जातात आणि काही दिवसांनी तो भाग तुटतो. आधी रंग आणि वार्निशने पृष्ठभाग पूर्ण बंद करा, मगच वॉश.

ट्रॅक आणि माती

इथे सगळ्यात जास्त मॉडेलं चुकतात. शर्मनचे अनेक ट्रॅक रबरी ठोकळ्यांचे होते, आणि रबरावर गंज चढत नाही. तरी लोक अख्खा ट्रॅक तांबडा-तपकिरी रंगवतात. तुमच्या मॉडेलवर रबरी ट्रॅक असेल तर ठोकळे गडद करड्या रंगाचे करा, जमिनीला लागणारा भाग धुळीने थोडा फिका. चमक फक्त दोन्ही कडांच्या पोलादी जोडकड्यांवर, कारण स्प्रॉकेटचे दात त्यांनाच पकडतात. पेन्सिलच्या शिशाची पूड बोटावर घेऊन त्या कड्यांवर चोळा. स्प्रॉकेटच्या दातांच्या बाजूंनाही तीच पूड लावा. चाकांच्या रबरी कडांवर मात्र धातूची चमक कुठेच नको. आता ट्रॅक हाताने फिरवून पाहा. जिथे घासतंय तिथे चमकतंय आणि बाकी सगळं मंद आहे, असं दिसलं की ट्रॅक बरोबर झाला.

बाकी झीजही अशीच वापरातून येते. सैनिक हॅचमध्ये (वरच्या दारात) चढायला जिथे पाय ठेवतात तिथे रंग घासलेला, इंधनाच्या टोपणाभोवती ओघळ, मागे धुराची काजळी. रंगाचे टवके कमी ठेवा. युद्धात असलेल्या रणगाड्याला गंजून पडायला फुरसत नसते.

माती त्या जागेची हवी. कोकणातली जांभ्याची लाल माती सुंदर दिसते, पण असल उत्तरच्या शर्मनवर ती चालत नाही. तिथे नद्यांनी आणलेली फिकी, करडी-पिवळसर गाळमाती आहे, आणि त्या लढाईत शेतांत पाणी सोडलेलं असल्यामुळे चिखल ओला, चाकांच्या वरपर्यंत आलेला हवा. नॉर्मंडीचा शर्मन असेल तर तपकिरी. माती तव्यावर भाजून पूर्ण कोरडी करा आणि मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ करून घ्या. मॅट वार्निशमध्ये कालवून खालच्या हलवर लावा: आधी पातळ, कोरडी धूळ, त्यावर जाड चिखल, शेवटी थोड्या जागी चकचकीत वार्निशने ओला चिखल. अ‍ॅक्सल, बुश आणि स्प्रिंगा झाकूनच हे काम करा. मातीतला एक कण बेअरिंगमध्ये गेला की आवाज येतो आणि झीज सुरू होते.

चालवणं

रस्त्यावर खऱ्या शर्मनचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. सोळाने भागला तर सेकंदाला सुमारे ७० सेंटीमीटर. शेतात त्याच्या निम्मा. मोजपट्टीने तीन मीटर आखून घ्या आणि घड्याळ लावा. चार सेकंदांहून लवकर पोचत असाल तर रिमोटची दांडी कमी दाबायला शिका. रणगाडा हळू सुरू होतो, थांबताना नाक किंचित खाली झुकवतो. हे जमलं की मॉडेल लांबून खरं वाटायला लागतं.

आणखी एक. खरा शर्मन जागच्या जागी गरकन फिरू शकत नव्हता. त्याच्या स्टिअरिंगमध्ये एक ट्रॅक पुढे आणि दुसरा मागे नेण्याची सोयच नव्हती. त्याला सुमारे १९ मीटर व्यासाचं वळण लागायचं. आपल्या मापात ते साधारण १.२ मीटर. मॉडेल मात्र जागेवर फिरतो, आणि फिरवायचा मोह होतोच. तो टाळा. रुंद वळणं घेतली की चाल खरी वाटते, आणि आडव्या ताणाने ट्रॅक उतरायचंही थांबतं.

जागा निवडताना मोकळी खडी टाळा. एक खडा स्प्रॉकेट आणि ट्रॅकच्या मधे आला की गिअर मोडतो. कापलेलं गवत, दाबलेली माती, सुकलेला ओढा चांगला. पाण्यात जाऊ नका. बोर्डला ओलावा सोसत नाही. अडकलात तर दांडी दाबत राहू नका, उचलून घ्या.

घरी आल्यावर ट्रॅकमधली माती कोरड्या ब्रशने झाडा, चाकांवर गुंडाळलेले केस आणि गवत चिमट्याने काढा. बॅटरी गरम असेल तर गार झाल्यावरच चार्ज करा, आणि तिथे हजर असतानाच करा. लिथियमची दोन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. प्रत्येक सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. काही आठवडे चालवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून, रणगाड्यातून काढून वेगळी ठेवा. उन्हाळ्यात बंद गाडीत ती विसरू नका. पावसाळ्यात रणगाडा ठेवायचा असेल तर खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, धातूच्या ट्रॅकच्या पिनांना तेलाचा एकेक थेंब द्या, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून दोन्ही दिशांना थोडा चालवा. त्याने ग्रीस एका जागी बसत नाही, आणि बोगीच्या स्प्रिंगाही मोकळ्या राहतात.